अकरावीसाठी आभासी विच्छेदन: प्रतिकृती कशी निवडावी, तास कसा घ्यावा?

प्रश्न:
नमस्कार. मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला झुरळाचा सविस्तर अभ्यास आहे. प्रत्यक्ष विच्छेदन आम्ही करत नाही आणि ते पुन्हा सुरू व्हावे असे मला वाटतही नाही. पडद्यावर त्रिमितीय प्रतिकृती दाखवली की मुले रमतात, मात्र आठवड्याने आकृती काढायला सांगितली तर अवयवांच्या जागा चुकतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:
मॅडम, अवयवांची नावे लपवता येतील अशीच प्रतिकृती निवडा, कारण नाव समोर दिसत असले की मुले अवयव न पाहता नाव वाचतात. आधी नावांविना आकृती काढून घ्यावी आणि मगच नावे उघडावीत. झुरळाच्या अन्नमार्गावर नळ्यांचे दोन झुबके असतात: मध्यांत्राच्या (अन्नमार्गाच्या मधल्या भागाच्या) सुरुवातीला बोटांसारख्या जाडसर सहा ते आठ हेपॅटिक सीका आणि मध्यांत्र संपते तिथे सुमारे 100 ते 150 पिवळसर, धाग्यासारख्या माल्पीघियन नलिका. पहिल्या पचनाशी आणि दुसऱ्या उत्सर्जनाशी संबंधित असल्या, तरी अनेक प्रतिकृतींत दोन्ही सारख्याच जाडीच्या आणि केवळ वेगळ्या रंगाच्या दाखवतात, त्यामुळे मुलांच्या लक्षात रंग राहतो आणि जागा निसटते. अशी प्रतिकृती मी तरी वर्गात वापरणार नाही.

बेडूक दाखवणार असाल, तर प्रतिकृती उलटी फिरवता आलीच पाहिजे. समोरून हृदयाची दोन अलिंदे (वरचे कप्पे) आणि एक निलय (खालचा कप्पा) दिसते, परंतु सायनस व्हेनोसस (शिरांतून आलेले रक्त जमा होणारा कप्पा) हृदयाच्या पाठीमागे असल्याने सपाट चित्रात तो झाकलेलाच राहतो.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत आहे. त्याला एक जोड सुचवतो. ऊतींचा मऊपणा आणि चिवटपणा पडद्यावर कळत नाही. खाण्यासाठी कापल्या जाणाऱ्या माशावरून तो सहज दाखवता येतो, त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. गणेश पेठेतील मासळी बाजारात रोहू साफ करताना लालभडक कल्ले आणि दोन कप्प्यांचा, फुग्यासारखा वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) स्वच्छ दिसतो. ज्या मुलांच्या घरी मांसाहार चालत नाही, त्यांच्यावर मात्र सक्ती नसावी. विक्रेत्या ताईंची परवानगी घेऊन केलेले चित्रीकरण त्यांना वर्गात दाखवता येईल.