रेकी चालू केली म्हणून आईने थायरॉईडची गोळी सोडली, शुगरची पण सोडायची म्हणते

अमळनेरची_लेक:
मंडळी नमस्कार, जरा अर्जंट आहे. आई साठीला आली, शुगरची मेटफॉर्मिन आणि थायरॉईडची गोळी कितीतरी वर्षांपासून चालू आहे. मावशीने जळगावला रेकीचा (अंगावर हात ठेवून एनर्जी देतात ना, त्याचा) क्लास केला आणि आता ती रोज संध्याकाळी आईला रेकी देते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आईला खरंच बरं वाटतं, झोप पण लागते. पण क्लासवाल्या मॅडम सांगून राहिल्या की गोळ्यांनी एनर्जी ब्लॉक होते, 21 दिवस सगळ्या गोळ्या सोडा. आईने गेल्या आठवड्यापासून थायरॉईडची गोळी बंद केली आणि म्हणते बघ, मला काहीच झालं नाही, उलट फ्रेश वाटतंय. मावशी म्हणते ही आपली वेदांतली विद्या आहे, डॉक्टरांना यातलं कळत नाही. मावशीशी भांडायचं नाहीये मला, लहानपणी तिनेच सांभाळलंय आम्हाला. आईला आणि तिला, दोघींना पटेल असं कोणी सांगा ना.

मेडिकलवाला_चोपडा:
ताई, आधी डॉक्टरांना फोन करा, हे नंतर वाचलं तरी चालेल.
"काहीच झालं नाही" हीच यातली सगळ्यात मोठी फसगत आहे. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतलं औषध, अंगातून फार सावकाश उतरतं, गोळी बंद केल्यावर निम्मं उतरायलाच आठवडा जातो, म्हणजे आई आज जी फ्रेश आहे ती आधी घेतलेल्या गोळ्यांवर आहे. म्हणून तर डोस बदलला की डॉक्टर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) लगेच करत नाहीत, सहाएक आठवड्यांनी करतात. त्रास मागून येतो आणि हळूहळू येतो, सुस्ती, अंगावर सूज, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, उदास वाटणं, आणि तोपर्यंत गोळी सोडली होती हे घरात कोणाच्या लक्षात पण राहत नाही. दुकानात बसून हे पाहतो मी, फार वाईट वाटतं भो.
शुगरचं पण तसंच, दोनशेच्या वर गेली तरी कित्येकांना काही जाणवत नाही, डोळे-किडनी मात्र आतून खराब होत राहतात. एचबीए1सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, 21 दिवसांत बरं "वाटलं" म्हणून शुगर बरी होत नाही. आणि ज्या पोराला टाईप 1 डायबेटीस आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्याचं इन्सुलिन कोणी असं सोडायला लावलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्या क्लासला असं कोणी येत असेल तर कृपा करून त्यांच्या घरी कळवा.

रेकी_भुसावळ:
मी स्वतः रेकी देतो, म्हणून जास्त राग आला. आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डॉक्टरच्या औषधाला हात लावायचा नाही. गोळीने एनर्जी ब्लॉक होते हे मला कोणी कधी शिकवलं नाही. आणि रेकी मास्टर ही काही डॉक्टरसारखी सरकारी नोंदणीची पदवी नाही, त्यामुळे औषध बंद करा म्हणायचा अधिकार त्या मॅडमना नाहीच.
आईला बरं वाटतं ते खरंच वाटतं ताई, ते खोटं पाडू नका. अमेरिकेत 2011 मध्ये कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या 189 पेशंटवर अभ्यास झाला होता, काहींना रेकी दिली, काहींना न शिकलेल्या माणसाने रेकीसारखे नुसते हात ठेवले, काहींना नेहमीचीच ट्रीटमेंट. आराम पहिल्या दोन्ही गटांना पडला! मला हे वाचून वाईट नाही वाटलं. शांत खोली, मायेचा हात, आपल्यासाठी कोणीतरी वेळ काढून बसलंय, यालाच केवढी किंमत आहे. मावशीला सांगा तू दे रेकी, रोज दे, फक्त आजार बरा होतो असं म्हणू नको.

धुळ्याचे_आप्पा:
वेदांचं म्हणाल तर तसं नाही. रेकी जपानची, मिकाओ उसुई नावाच्या गृहस्थांनी 1922 मध्ये चालू केली, म्हणजे शंभरेक वर्षांची गोष्ट. त्यांचे शिष्य हायाशी नौदलातले निवृत्त अधिकारी, त्यांच्याकडून हवाईच्या हावायो ताकाता शिकल्या आणि तिथून ती पश्चिमेकडे गेली. सात चक्रं तिला नंतर पश्चिमेकडे जोडली गेली, म्हणून आपल्याला ती ओळखीची वाटते. ताकाताबाई सांगायच्या की उसुई शिकागोला शिकले, पण तिथल्या युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं नावच सापडलं नाही.
आणि ते 21 दिवस! क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उसुईंनी स्वतः 21 दिवस उपास केला असं सांगतात. तो त्यांचा उपास होता, पेशंटने गोळ्या सोडायचा त्याच्याशी काय संबंध? हे मावशीला आवर्जून सांगा. डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, क्लासच्या पत्रकावर तसं छापलं असेल तर जपून ठेवा.

अमळनेरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, गोळी आधीच्याच डोसने उद्यापासून चालू करा म्हणाले, सहा आठवड्यांनी टीएसएच. भुसावळच्या दादांचं मावशीला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली रेकी मी देणारच, पण गोळी तिला मीच आठवणीने देईन. आता ती विचारतेय गोळी रेकीच्या आधी द्यायची का नंतर?

मेडिकलवाला_चोपडा:
रेकीचा आणि गोळीच्या वेळेचा संबंध नाही. थायरॉईडची सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर.