येरझारा घालायची सवय: तुमचे अनुभव लिहा

रामबागची मुलगी:
इंदूरचं आमचं घर जुनं, मधे लांबलचक ओसरी. परीक्षा असो, कुणाचा फोन यायचा असो, मी तिथे येरझारा घालते. आई ओरडते, बस गं एका जागी, पण बसलं की धडधड जास्त जाणवते आणि चाललं की उतरते. अजून कुणाचं होतं का असं?

भंवरकुआँ:
माझं होतं. पीएससीची तयारी करतोय, खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा पावलं. निबंधाचे मुद्दे चालतानाच सुचतात. स्टॅनफर्डमध्ये २०१४ ला अभ्यास झालाय यावर, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालले तरी लोकांना बसून सुचतं त्यापेक्षा जास्त कल्पना सुचल्या.

छतावरची:
कानात गाणी लावून दोन-दोन तास फिरते, डोक्यात अख्खी गोष्ट चालू, माणसं, त्यांची भांडणं, सगळं. जेवायला हाक मारली तरी कळत नाही. एली सोमर म्हणून इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ मध्ये याला मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग म्हटलं, म्हणजे रोजच्या जगण्याच्या आड येणारं दिवास्वप्नांत हरवणं. वाचलं त्या दिवशी खूप रडले, इतकी वर्षं वाटायचं असं फक्त मलाच होतं.

सुदामानगर:
माझ्या बाबांचं सांगतो, हे नीट वाचा प्लीज. भास व्हायचे म्हणून त्यांना मानसोपचाराच्या गोळ्या चालू होत्या, डोस वाढवला आणि तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, रात्रभर. बसवलं तर मिनिटभरात उठायचे, उभे राहिले तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायचे. आम्हाला वाटलं आजार वाढला, मी तर एकदा हात धरून जबरदस्तीने बसवलं, ते अजून टोचतं मला. ते म्हणाले, "अरे मला नाही फिरायचं, आतून कोणीतरी ढकलतंय." डॉक्टरांनी हे वाक्य ऐकूनच ओळखलं, अकॅथिसिया म्हणतात, गोळीचाच दुष्परिणाम. डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी जोडली, आठवड्याभरात बाबा खुर्चीत बसून पोहे खायला लागले. उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रामाइड या औषधानेपण होऊ शकतं हे. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा.

रामबागची मुलगी:
दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा. जबरदस्तीचं मनाला लावून घेऊ नका हो, तेव्हा कुठे माहीत होतं.

लोकमान्य नगर:
मला फक्त रात्री, आडवं झालं की पोटऱ्यांत सळसळ, उठून चाललं की थांबते. रेस्टलेस लेग्स निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आता एक-दोनदाच उठावं लागतं.