२० टक्के, पण कशावर?
सामन्यांवर पैजा लावून ‘सहा महिन्यांत २० टक्के परतावा’ मिळाला असं जे सांगतात, त्यांना एकच विचारतो: २० टक्के कशावर? समजा, खिशातून १०,००० काढले, तेच फिरवून फिरवून ५००च्या १०० पैजा लावल्या आणि शेवटी २,००० सुटले. भांडवलावर २० टक्के झाले खरे. पण एकूण लावले ५०,०००, त्यावर फक्त ४. मुरलेले लोक हा दुसरा आकडा बघतात, त्याला यील्ड म्हणतात. पहिला आकडा पैसे किती वेळा फिरवले त्यावर फुगतो.

आणि १०० पैजांवरून ते ४ टक्केही खरे धरू नका. एकास एक भावात (जितके लावले, जिंकल्यास तितकाच नफा) एवढ्या पैजांमध्ये निव्वळ नशिबाने १० टक्के इकडेतिकडे सहज होतं. शिवाय एकास एक भाव सहसा मिळतही नाही: अमेरिकेत पॉइंट स्प्रेडवर (दोन संघांतला गुणांचा फरक धरून लावायची पैज) १०० डॉलर जिंकायला साधारण ११० लावावे लागतात, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाच ५२.४ टक्के पैजा जिंकायला हव्यात. (हरलेल्या पैजा वहीत न लिहिणारे महाभाग वेगळेच!)

त्यापेक्षा आपण घेतलेला भाव आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव शेजारीशेजारी लिहा. तुम्ही २.१०ला घेतलं (१ रुपया लावून जिंकल्यास २.१० परत) आणि बंद होताना १.९५ होता, म्हणजे बाजारही नंतर तुमच्याच बाजूला झुकला, असं वारंवार दिसलं तर हरलेल्या महिन्यातही तुमचा अंदाज बाजारापेक्षा बरा होता म्हणायचं.