झंजीरचा मान आणि गावठी पिल्लांचे घर

पोलीस श्वानांच्या गौरवाने निवाऱ्यातील कुत्र्यांचे काय भले होणार, हा आपला प्रश्न रास्त आहे. १९९३ च्या मुंबई स्फोटांतील आरडीएक्स आपल्याच रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते. त्यानंतरच्या शोधात झंजीर या लॅब्रेडॉर जातीच्या पोलीस श्वानाने ३,३०० किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकले आणि २००० मध्ये त्याला पोलीस इतमामात अखेरचा निरोप मिळाला. मात्र अशा कौतुकानंतर लोक लॅब्रेडॉरच विकत घ्यायला धावतात, हे खटकते. कोकणच्या दमट हवेत आखूड केसांचे गावठी कुत्रे अधिक सुखाने राहते, आणि वाडीतल्या माकडांवर भुंकायला वंशावळ लागत नाही. फक्त मे महिन्यात आलेल्या चाकरमान्याच्या हाती पिल्लू देण्यापूर्वी, पावसाळ्यात त्याची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त कोण पाहणार, हे निवाऱ्याने विचारलेच पाहिजे.