'द फार्मर्स वाइफ': बोलीतलं नाटक मुकं केलं, तर जिंकलं कोण?

रिकामी खुर्ची: ईडन फिलपॉट्स यांचं हे विनोदी नाटक इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या खेड्यात घडतं. १९१६ मध्ये ते बर्मिंगहॅममध्ये आलं, १९२४ पासून लंडनच्या कोर्ट थिएटरात १,३०० हून जास्त प्रयोग झाले. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने १९२८ मध्ये त्याचा मूकपट केला, आणि माझ्या मते तो नाटकापेक्षा सरस आहे.

विधुर शेतकरी स्वीटलँड लेकीचं लग्न उरकतो आणि स्वतःसाठी बायको शोधायला निघतो. घर सांभाळणारी मिंटा समोर बसून, तो सांगेल त्या बायकांची नावं कागदावर उतरवून घेते. शेकोटीपाशी रिकामी खुर्ची. एकेका नावासरशी ती ती बाई खुर्चीत बसलेली दिसते आणि विरून जाते. शेवटी तिथे मिंटा दिसते, ती मात्र विरत नाही. हे रंगमंचावर कसं जमवणार?

गावरान: अजिबात पटलं नाही. या नाटकाचा जीव डेव्हनच्या बोलीत आहे. मालवणी नाटक आवाज बंद करून बघितल्यासारखं झालं हे! चर्डल्स ॲश हा कुरकुऱ्या गडी घ्या. लंडनला सेड्रिक हार्डविक यांचं नाव झालं ते याच भूमिकेने. मूकपटात गॉर्डन हार्कर तोंड वाकडं करून हसवतात, पण ॲशचं लग्नाविरुद्धचं तत्त्वज्ञान शेवटी पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरच वाचावं लागतं. चित्रच पुरेसं होतं, तर १९४१ मध्ये बोलपट का काढावा लागला?

रिकामी खुर्ची: बोलपट निघाला, पण आज आवर्जून कोण बघतं? आणि पाटीचंच म्हणाल तर सुरुवात आठवा. मरणाऱ्या बायकोचे शेवटचे शब्द काय, तर मालकांच्या विजारींना ऊब द्यायला विसरू नकोस. पाटी एकच. पुढे शेकोटीपुढे वाळत घातलेले ते कपडे दिसतात आणि कळतं की मिंटाने शब्द पाळलाय.

गावरान: म्हणजे सुरुवात वाक्यानेच झाली ना! ते वाक्य काढा, मग उरतात नुसत्या वाळत घातलेल्या विजारी.

सांजवेळ: तुम्ही दोघं खुर्ची आणि बोलीवर भांडताय, नकार देणाऱ्या बायकांचं काय? लुइसा विंडीट ही सधन विधवा. स्वीटलँड मोठ्या तोऱ्यात तिच्याकडे जातो आणि ती त्याला हसते. पोस्ट सांभाळणाऱ्या मेरी हर्नला तो भर मेजवानीत वयावरून टोमणा मारतो आणि ती किंचाळून घर डोक्यावर घेते. लोक तिला हसतात, मला तो अपमान झोंबतो. दोन्ही माध्यमांनी तिला हास्यास्पदच केलंय. स्वीटलँड मागणी घालतो तेव्हा थर्झा टॅपरच्या हातातली जेली तिच्यासोबत थरथरते, तेव्हा निदान त्या बाईची भीती तरी दिसते.

रिकामी खुर्ची: मेरीबद्दल मान्य. पण ती जेली बघून तुम्हाला थर्झाची भीती जाणवली ना? एक शब्दही न ऐकता. मी तेच म्हणतोय.

गावरान: जेलीपुरतं मानलं. पण ॲशला अजून आवाज मिळालेला नाही. हार्कर कितीही आवडोत, डोळे मिटले की माझ्यापुढे ॲश उभाच राहत नाही, कारण तो माझ्या कानात कधी बोललाच नाही.