वादळात उडालेलं सामान अणुभट्टीवर आदळलं तर? (पुतण्या कल्पक्कमला लागलाय)

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे पण चार दिवस डोक्यातनं जात नाहीये म्हणून इथं विचारतोय. गेल्या आठवड्यात आमच्याकडं वळीव झाला, पाऊस कमी अन् वाराच जास्त, सगळा पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. बेदाणा शेडचे अकरा पत्रे गेले. त्यातला एक दहा फुटी पत्रा रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीवरच्या डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) पडला, तारांना गुंडाळलाच गेला म्हणा, आणि दुसरा एक घराच्या भिंतीवर कोपऱ्यानं असा बसला की प्लास्टर फोडून विटेत खाच पडली. मी बोट घालून बघितलं, पहिलं पेर आत जातंय. अर्ध्या तासापूर्वी त्याच भिंतीला टेकून आई शेंगा फोडत बसली होती. डीपी गेल्यामुळं दोन दिवस लाईट नव्हती, बोअरची मोटर बंद, जनावरांना पाणी टँकरनं आणलं.

आता मुद्दा. माझा पुतण्या यंदा तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात लागला. घरात सगळ्यांना आनंद आहे. पण आई त्या खाचेकडं बघून म्हणाली, "पत्र्यानं भिंतीचं हे केलं, तिकडं समुद्राकडनं चक्रीवादळं येतात, त्या भट्टीचं काय होत असंल रे?" मला काही सांगता आलं नाही. पोराला फोनवर विचारलं तर तो म्हणतो काका काही होत नाही, पण का होत नाही ते नीट सांगत नाही, नवीन आहे अजून. जाणकारांनी सांगावं. उडून आलेल्या वस्तूंचा विचार करून बांधतात का हे प्लांट, की नुसत्या वाऱ्याचाच करतात?

स्ट्रक्चरवाला_सांगली

दादा, आधी आईंना काही झालं नाही हे फार बरं झालं. पत्र्याच्या धारेनं माणूस जागेवर जातो, दरवर्षी आपल्या भागात अशी एखादी तरी बातमी असतेच.

मी वीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाईन करतोय, बहुतेक फॅक्टरी शेड अन् पाण्याच्या टाक्या, अणुभट्टी कधी केली नाही, पण हा विषय आवडीनं वाचलेला आहे. तर हो, उडत्या वस्तूंचा वेगळा हिशोब करतात आणि त्या वस्तूंना डिझाईनच्या भाषेत चक्क मिसाईल म्हणतात. अमेरिकेत टोर्नेडो (गरगरत जाणारी वावटळीसारखी वादळं) फार, त्यामुळं त्यांच्या नियामकानं वस्तूच ठरवून दिल्यात. पहिली म्हणजे साडेसहा इंची लोखंडी पाईप, साधारण साडेचार मीटर लांब, १३० किलोची. दुसरी अख्खी मोटारगाडी, १८०० किलोची. आणि तिसरा एक इंच जाडीचा पोलादी गोळा. सगळ्यात वाईट टोर्नेडो पट्ट्यात पाईप आणि गाडी सेकंदाला ४१ मीटरनं, म्हणजे ताशी जवळपास १५० किलोमीटरनं येऊन आदळेल असं धरायचं आणि तरी भिंत टिकली पाहिजे. गोळ्याचा वेग कमी धरतात कारण त्याचं काम वेगळं, जाळीच्या किंवा सळ्यांच्या फटीतनं आत शिरून काही नाजूक फोडेल का ते त्याच्यावरनं बघायचं.

वाऱ्याचं सांगतो. वाऱ्याच्या भारासाठीचा आपला कोड आहे आयएस ८७५ भाग ३, त्यात पुण्याला मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, मुंबईला ४४, आणि कोड सगळ्यात वरचा ५५ पर्यंत जातो. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. आणि अमेरिकेच्या त्या पट्ट्यात अणुभट्टीसाठी टोर्नेडो धरतात ताशी ३७० किलोमीटरचा. वेग अडीच-पावणेतीन पट दिसतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दाब सातपट झाला. वर टोर्नेडोच्या पोटात हवेचा दाब एकदम पडतो त्यामुळं इमारत आतनं बाहेर फुगायला बघते, त्याचाही हिशोब असतो.

तुमची विटेची भिंत नऊ इंची असणार, आणि वीट ठिसूळ, तिच्यात सळई नाही. रिॲक्टरची भिंत मीटरभर जाड, कुठं जास्तच, आत सळया दाट गच्च. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यापासून पुढच्या आपल्या भट्ट्यांना तर दुहेरी कोष आहे, आतला ताणलेल्या केबलींनी आवळलेला प्रिस्ट्रेस्ड आणि त्याच्या बाहेर दुसरा आरसीसीचा. असल्या भिंतीवर पत्रा म्हणजे नुसता ओरखडा. लोखंडी पाईप टोकानं बसला तर पुढनं खपली निघते, पण आम्हाला खरी भीती असते मागच्या बाजूची. दणका काँक्रीटमधनं लाटेसारखा पलीकडं जातो आणि आतल्या अंगाचा ढलपा सुटून उडतो, भिंत आरपार न जातासुद्धा आतलं यंत्र त्या ढलप्यानं फुटू शकतं. म्हणून नुसतं "आरपार जाणार नाही" एवढं चालत नाही, ढलपासुद्धा सुटणार नाही एवढी जाडी लागते.

१९८८ साली अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेनं एक अख्खं फँटम लढाऊ विमान रुळांवरनं रॉकेट लावून साडेतीन मीटरहून जाड काँक्रीटच्या ठोकळ्यावर नेऊन आदळलं होतं, ताशी पावणेआठशेच्या आसपास वेग. विमानाचा भुगा झाला आणि ठोकळ्यात खड्डा पडला जेमतेम सहा सेंटीमीटरचा. तो ठोकळा काही रिॲक्टरची भिंत नव्हे, जाडी जास्त होती, पण काँक्रीट किती खातं ते कळतं. आईंना भिंतीपुरतं निर्धास्त राहा म्हणून सांगा.

निवृत्त_ताई_कराड

सरांनी भिंतीचं छान सांगितलं, पण दादा, तुम्ही स्वतःच लिहिलेलं परत वाचा. तुमचं खरं नुकसान भिंतीनं केलं का? दोन दिवस हाल कशानं झाले? डीपी गेल्यानं. अणुवीज केंद्राचंही अगदी हेच आहे. मी वीज निर्मितीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला तीस वर्षं काढली (अणू नव्हे, औष्णिक), म्हणून मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भट्टी बंद केली म्हणजे चुलीतलं लाकूड ओढलं असं होत नाही. साखळी प्रक्रिया क्षणात थांबते पण इंधनात तयार झालेली द्रव्यं उष्णता सोडतच राहतात, बंद केल्याकेल्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के. ७०० मेगावॅट विजेच्या भट्टीत उष्णता २१०० मेगावॅटच्या वर असते, तिचे सहा टक्के काढा बघू, सव्वाशे मेगावॅट होतात. ती तासागणिक कमी होते पण कितीतरी दिवस पाणी फिरवत ठेवावंच लागतं आणि पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. आणि वादळात सगळ्यात आधी काय जातं? बाहेरची लाईन आणि स्विचयार्ड, म्हणजे केंद्राला बाहेरच्या लाईनी जोडतात ते उघडं आवार.

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रावरनं गेलं, ताशी २३० किलोमीटरचा वारा. दोन्ही अणुभट्ट्या आधीच बंद करायला घेतल्या होत्या. भट्टीच्या इमारतींना काही झालं नाही. पण पाण्याची उंच टाकी कोसळली ती आग विझवण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर आणि ती यंत्रणाच गेली, शेजारच्या तेलावर चालणाऱ्या युनिटची चिमणी तडकली, फोन गेले, रस्ते बंद झाले, आणि बाहेरची वीज पाच दिवसांहून जास्त नव्हती. तेवढे दिवस केंद्र डिझेल जनरेटरवर तगलं. जून १९९८ मध्ये ओहायोत डेव्हिस-बेसीवर टोर्नेडो आला, तिथंही स्विचयार्ड उद्ध्वस्त आणि आधार डिझेलचा. २७ एप्रिल २०११ ला अलाबामात ब्राउन्स फेरीच्या लाईनी टोर्नेडोंनी पाडल्या, तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या, परत डिझेलच. फुकुशिमा होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता, आणि तिथं लाटेनं नेमकी डिझेलच बुडवली होती.

म्हणून पुतण्याला विचारायचं तर "भिंत किती जाड" विचारू नका, "डिझेल कुठं ठेवलंय, किती आहेत, टाकी कशाच्या आड आहे" हे विचारा.

चाळकेवाडी_टेक्निशियन

ताईंच्या मताला शंभर टक्के. आम्ही पठारावर पवनचक्क्यांचं काम करतो. सेकंदाला २५ मीटरच्या आसपास वारा गेला की मशीन पाती फिरवून स्वतः बंद होते, पात्याची धार वाऱ्याकडं करते म्हणजे वारा धरतच नाही. मशीनची काळजी मशीन घेते, खाली पडलेल्या सामानाची कोण घेणार? केबलचे रिकामे ड्रम, लाकडी पॅलेट, ग्रेटिंगचे तुकडे, प्लायवूड. एकदा केबलचा रिकामा लाकडी ड्रम उतारावरनं गडगडत जाऊन कंट्रोल रूमच्या दारावर बसला, आत आमचा माणूस होता, दार बाहेर उघडणारं, तासभर अडकला बिचारा. त्या दिवसापासनं मी एप्रिल लागला की रोज संध्याकाळी चक्कर मारतो, सुटं दिसलं की बांध नाहीतर आत टाक. अणुवाल्यांच्यात पण असं करतात का?

स्ट्रक्चरवाला_सांगली

करतात. वादळाचा इशारा आला की आवारात फिरून सुटं सामान उचलायचं किंवा बांधायचं, हे तिथं कार्यपद्धतीत लिहिलेलंच असतं. दुरुस्तीच्या काळात परांचीचे पाईप, फळ्या, कंटेनर यांचा ढीग असतो आणि तो तर मिसाईलचा साठाच म्हणायचा.

ताईंच्या डिझेलच्या मुद्द्यात एक भर घालतो. डिझेल इंजिन जाड भिंतीत ठेवलं तरी त्याचा धुराचा पाईप छताबाहेर काढावाच लागतो आणि तेलाच्या टाकीची हवेची नळीसुद्धा बाहेरच असते. एखादी वस्तू आदळून धुराचा पाईप चेपला की इंजिन गुदमरून बंद. शेतातल्या इंजिनच्या सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबून बघा काय होतं. अमेरिकेत बऱ्याच जुन्या केंद्रांत हे पाईप उघडेच राहिलेत असं लक्षात आलं, २०१५ मध्ये त्यांच्या नियामकानं सगळ्यांना तसं लेखी कळवलं आणि मग पाईपांभोवती पोलादी कवच घालणं, नाहीतर धोका किती ते हिशोबानं दाखवणं सुरू झालं. भिंतीसाठी एवढा आटापिटा आणि सगळा जीव अडकलेला एका पाईपात, मला हे वाचून झोप आली नव्हती.

फुकुशिमानंतर तिकडं जादा पंप आणि जनरेटर ट्रॉलीवर ठेवायला लागले. ते एकतर मजबूत इमारतीत ठेवायचे नाहीतर दोन संच लांब लांब, आणि लांब म्हणजे कुठंही नाही, टोर्नेडो त्या भागात साधारण ज्या दिशेनं जातो तो रस्ता बघून, एकाच फेरीत दोन्ही जाऊ नयेत असे.

कोयनाकाठ

सगळ्यांचं वाचलं, माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट मला खटकते म्हणून बोलतो, राग मानू नका. हे सगळं "एवढा वारा धरून" बांधलेलं असतं. धरलेला आकडाच चुकला तर? आमच्या पाटणच्या माणसाला हे सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या आधी दख्खनचं पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित असंच शिकवायचे. त्या पहाटे कोयनानगर पडलं. माझे आजोबा शेवटपर्यंत घरात झोपले नाहीत, अंगणातच. कोकणात म्हणायचे अरबी समुद्रातली वादळं इकडं वळत नाहीत. मग ३ जून २०२० ला निसर्ग रायगडात घुसलं आणि वर्षभरात मे २०२१ ला तौक्ते किनारा झोडपत गुजरातला गेलं. जैतापूरला माडबनच्या सड्यावर १७३० मेगावॅटच्या सहा भट्ट्या करायचं चाललंय. तिथला आकडा कोणत्या वर्षांच्या नोंदींवरनं काढणार हे विचारायचा हक्क आहे आपल्याला.

निवृत्त_ताई_कराड

राग कशाला भाऊ, अगदी योग्य बोललात. हाच प्रश्न सारखा विचारत राहिला पाहिजे. आकडे बदलतातही, आणि दोन्हीकडं बदलतात. अमेरिकेत १९७४ मध्ये टोर्नेडो ताशी ३६० मैलांचा धरायचे, २००७ मध्ये नव्या नोंदी बघून २३० मैलांवर आणला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये आयोवात ड्युएन अर्नोल्ड केंद्राला धक्का बसला तो टोर्नेडोनं नव्हे, साध्या सरळ वादळी वाऱ्यानं. बाहेरची वीज गेली, कूलिंग टॉवर मोडले, आणि कचरा पाण्यात जाऊन आणीबाणीच्या पाण्याच्या गाळण्या तुंबायला लागल्या. हवेत उडणारी वस्तू सगळे बघतात, पाण्यात पडलेली कोण बघतो! डिझेल चालू असलं तरी त्याला थंड करायला पाणी लागतंच. तिथल्या माणसांचं वेळेत लक्ष गेलं, म्हणून निभावलं.

आपल्याकडचंही सांगते. ३१ मार्च १९९३ ला नरोऱ्यात वादळ नव्हतं, बाहेरनं काही उडून आलं नव्हतं, टर्बाइनचीच दोन पाती तुटली. हादऱ्यानं हायड्रोजन सुटला, आग लागली, केबली जळाल्या आणि सतरा तास केंद्रात वीज नव्हती, डिझेल जनरेटर असूनही, कारण केबलच जळाल्या होत्या. शेवटी आग विझवायचे डिझेलवर थेट चालणारे पंप होते त्यांनी पाणी दिलं. त्या रात्री अंधारात बॅटऱ्या घेऊन वर चढलेल्या माणसांना माझा नमस्कार आहे. तेव्हा दादा, तुमच्या पुतण्याच्या खात्यात भिंतीइतकीच किंमत माणसाची आहे. आणि कल्पक्कमचंच म्हणाल तर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पंप हाऊसमध्ये समुद्राचं पाणी शिरलं होतं, चालू असलेली भट्टी व्यवस्थित बंद केली गेली.

बागायतदार_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. डीपीचं एकदम पटलं तिला, म्हणाली आपल्या जनावरांना पाणी त्या जुन्या डिझेल इंजिननं एक दिवस दिलं तसंच की. (पहिल्या दिवशी शेजाऱ्याचं इंजिन आणलं होतं, दुसऱ्या दिवशी ते गरम होऊन बंद पडलं म्हणून टँकर.) पुतण्याला काल रात्री विचारलं, डिझेल कुठं असतात, धुराचा पाईप कसा झाकलाय. पोरगं एकदम गप्प झालं, म्हणालं काका हे मी उद्या जाऊन बघतो.

स्ट्रक्चरवाले सर, एक शेवटचं. नवीन पत्रे टाकतोय. पूर्वी कडेनं दगड आणि जुन्या विटा ठेवायचो दाबायला. या वेळी काय करू?

स्ट्रक्चरवाला_सांगली

दगड अजिबात ठेवू नका दादा, पत्र्याबरोबर तेही उडतात आणि मग तुमच्याच शेडचं मिसाईल होतं. वारा छताला दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो कोपऱ्यांना आणि कडेला. त्यामुळं मधे एक हुक लावत असाल तर कडेच्या पहिल्या दोन ओळीत दोन लावा, जे-हुकच लावा, नुसते खिळे नको. हुक परलीनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) पकडतो पण परलीन खांबाला नीट धरलेली आहे का तेही बघा, बऱ्याचदा पत्रा परलीनसकट जातो. वाऱ्याच्या तोंडाची बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालनं ढकलतो आणि वरचा ओढतो, तिथं दुप्पट काळजी. डीपीच्या बाजूची ओळ आधी करून घ्या, वळीव अजून संपलेला नाही.