नाझिया हसनवरचं निवेदन तपासून द्या, शनिवारी कार्यक्रम आहे

धरमपेठची_निवेदिका
आमच्या हौशी कराओके ग्रुपचा शनिवारी ऐंशीच्या दशकातल्या पॉपवर कार्यक्रम आहे. निवेदन माझ्याकडे. मागच्या वेळी मी 'आता ऐकूया नाझियाचं लैला ओ लैला' म्हणून मोकळी झाले, तर पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी आपटत ओरडले, 'कंचन! कंचन आणि अमित कुमार!' मध्यंतरात समोसा घशाखाली उतरला नाही. यंदा हे लिहिलंय: 'आशियातली पहिली पॉप गायिका नाझिया हसन, तेराव्या वर्षी कल्याणजी-आनंदजींच्या संगीतात आप जैसा कोई गायली आणि रातोरात स्टार झाली.' काठी कुठं आपटेल?

कॅसेटवाला_बर्डी
पोरी, तीनदा आपटेल.
वय आधी घे. जन्म 3 एप्रिल 1965, कराचीचा. हे गाणं ज्यात आहे तो 'कुर्बानी' सिनेमा लागला जून 1980 मध्ये. कर हिशेब. पंधरा पूर्ण. फिल्मफेअर मिळालं ते 1981 च्या सोहळ्यात, तेही पार्श्वगायनाचं. एवढ्या लहान वयात ते आजवर कुणाला मिळालं नाही. हे सांग ना बाप्पा, तेरा कशाला करून राहिली?
दुसरं, संगीत. कुर्बानीची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकटं बिद्दूचं. शब्द इंदीवरचे, रेकॉर्डिंग लंडनचं. बिद्दू म्हणजे आपला बंगळुरूचा माणूस, तिकडे जाऊन 1974 मध्ये कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेणारा. हेडफोन लावून ऐक, पोरीचा आवाज एकावर एक दोनदा चढवलेला आहे. म्हणून तो असा दुरून, पोकळीतून आल्यासारखा वाटते.
नागपुरात बर्डीवर माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचं. त्यात हे गाणं दोनदा लिहिलेलं असायचं, एकदा साइड एच्या सुरुवातीला, एकदा साइड बीच्या शेवटी. मी आधी विचारायचो, 'चुकून लिहिलं का?' मग विचारणं सोडलं.

संत्राबर्फी
तिसरी चूक मी सांगतो. 'आशियातली पहिली' काढाच. गायक अहमद रुश्दीचं 'को को कोरिना' हे पॉप गाणं 1966 चं, पाकिस्तानातलंच. आपल्याकडे उषा उथुप तिच्या आधीपासून गात होत्या.
पण काका, प्रभाव म्हणाल तर तो बिद्दूचा का नाझियाचा? मी डीजे आहे, लग्नात 'डिस्को दीवाने' लावलं की पोरं 2012 च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'चं समजून नाचतात. त्यात तिचा मूळ आवाजही आहे, ओळखत कुणी नाही.

कॅसेटवाला_बर्डी
दोघांचा. पण 'डिस्को दीवाने' 1981 चा अल्बम, सिनेमा नाही, हिरो नाही, कव्हरवर ती आणि भाऊ झोहेब. गिऱ्हाईक दुकानात येऊन गाणारीचं नाव घेऊन मागायचं. त्याआधी माझ्याकडे लोक सिनेमाचं नाव घेऊन यायचे, नाहीतर गझल नाहीतर भजन. पुढे 1995 ला अलिशाच्या 'मेड इन इंडिया'ला हेच झालं, आणि संगीत पुन्हा बिद्दूचंच. हा धागा जोड, 'पहिली' म्हणायची गरजच पडत नाही.
आणि 'रातोरात स्टार' म्हणून तिथंच सोडू नको. 1992 च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर तिनं गाणं थांबवलं. कायद्याची पदवी होती तिच्याकडे. 13 ऑगस्ट 2000 ला लंडनमध्ये कॅन्सरनं गेली, पस्तीस वर्षांची. हे सांगताना मागं म्युझिक वाजवू नका.

धरमपेठची_निवेदिका
काका, सगळं नव्यानं लिहिते. वहीच्या पानाचा किस्सा वापरू का, बर्डीचं नाव घेऊन? तुमच्यासाठी दोन पास ठेवते. पहिल्या रांगेतले नाहीत.

कॅसेटवाला_बर्डी
वापर. पण लैला कोण गाऊन राहिलं ते आधी सांग.